‘नॉट वर्किंग’च्या पुढे: बिघडलेल्या वस्तूची तक्रार इंग्रजीत कशी लिहायची

ऑनलाइन मागवलेली वस्तू बिघडलेली निघाली की बहुतेक जण चॅटच्या चौकटीत एकच वाक्य टाकतात: ‘प्रॉडक्ट इज नॉट वर्किंग.’ वाक्यात व्याकरणाची चूक काहीच नाही. पण समोरच्याला त्यातून कळतं काय? वस्तू सुरूच होत नाही, सुरू होऊन बंद पडते, आवाज करते, की चालते पण ज्यासाठी घेतली ते काम करत नाही? त्याला पत्ता लागत नाही, म्हणून तो ठरलेलं उत्तर चिकटवतो: प्लग काढून पुन्हा लावा, रीस्टार्ट करा, चोवीस तास थांबा. तोवर वस्तू परत करायच्या मुदतीतला एक दिवस गेलेला असतो.

या कामाला फाडफाड इंग्रजी लागत नाही. पन्नास-साठ शब्द आणि वाक्यांचे चार-पाच साचे हाताशी असले की घरातल्या बहुतेक वस्तूंची तक्रार नीट लिहिता येते. हा लेख मराठी माध्यमातून शिकलेल्यांसाठी आहे. इंग्रजी वाचलेलं ज्यांना समजतं, पण लिहायची वेळ आली की हात अडतो, त्यांच्यासाठी.

शब्द इथे उच्चाराप्रमाणे दिले आहेत. स्पेलिंगचं काय, तर फोनचा कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा, माइकचं चिन्ह दाबा आणि शब्द बोला; स्पेलिंग तो लिहून देतो. एकटा शब्द बोलण्यापेक्षा अख्खं वाक्य बोललं तर चुका कमी होतात.

पायरी 1: आधी मराठीत नीट बघा

तक्रार अडते ती बहुतेकदा इंग्रजीपाशी नाही, त्याच्या आधीच. बिघाड नेमका काय आहे हे आपण मराठीतही सांगत नाही. ‘गेला’, ‘बिघडला’, ‘खराब निघाला’ म्हणून मोकळे होतो. आमच्या सोसायटीत अशा मेल लिहून द्यायला लोक माझ्याकडे येतात, तेव्हा अर्धा वेळ या चौकशीतच जातो.

‘काकू, मिक्सरला काय झालंय?’

‘अरे, गेलाय तो. महिनाही झाला नाही आणून.’

‘गेलाय म्हणजे? बटण फिरवल्यावर आवाज येतो का?’

‘येतो की. पण चटणीचं भांडं लावलं की नुसता घरघरतो, पातं जागचं हलत नाही.’

‘आणि मोठं भांडं लावलं की?’

‘मोठं लावलं की छान चालतो. काल डोशाचं वाटलं त्यात.’

म्हणजे मिक्सर गेलेलाच नाही. मोटर ठणठणीत आहे; दोष लहान भांड्याच्या पात्यात किंवा त्याच्या तळाच्या कपलरमध्ये, म्हणजे मोटरला पात्याशी जोडणाऱ्या भागात आहे. इंग्रजीत लिहायचं ते एवढंच: ‘द मोटर रन्स, बट द ब्लेड इन द स्मॉल जार डझ नॉट टर्न. द लार्ज जार वर्क्स फाइन.’ ही दोन वाक्यं वाचून कंपनीचा माणूस येताना जार घेऊन येईल. ‘मिक्सर नॉट वर्किंग’ वाचून तो रिकाम्या हाताने येईल, बघून जाईल आणि पुढच्या आठवड्याची तारीख देईल.

तेव्हा लिहायला बसण्याआधी स्वतःला विचारा: नेमकं काय होतं, काय केल्यावर होतं, दरवेळी होतं की अधूनमधून, आणि केव्हापासून. शिवाय काय नीट चालतं तेही नोंदवा. ‘वर्क्स फाइन’ हे दोन शब्द दोष कुठे नाही ते सांगतात, आणि दुरुस्ती करणाऱ्याला तेही तितकंच उपयोगी असतं.

पायरी 2: दोषाचा शब्द निवडताना जपून

या पायरीवर सर्वात जास्त लोक फसतात. डॅमेज्ड, डिफेक्टिव्ह, ब्रोकन हे तीनही शब्द आपण ‘खराब’ या एकाच अर्थाने वापरतो, पण तक्रार नोंदवणारा प्रत्येकाची वेगळी चौकट भरतो.

‘डिफेक्टिव्ह’ म्हणजे वस्तूतच दोष आहे, ती घडतानाच बिघडलेली आहे. ‘डॅमेज्ड’ म्हणजे चांगल्या वस्तूला बाहेरून इजा झाली. आता ही इजा कोणी केली? वाटेत झाली असेल तर ते स्पष्ट लिहा: ‘इट अराइव्हड डॅमेज्ड’ किंवा ‘डॅमेज्ड इन ट्रान्झिट’. नुसतं ‘द टीव्ही इज डॅमेज्ड’ लिहिलं तर तुमच्या हातून पडला असंही समजता येतं, आणि ‘फिजिकल डॅमेज’ सहसा वॉरंटीत धरत नाहीत. ‘ब्रोकन’चंही तसंच. ‘द हँडल ब्रोक’ लिहिलंत की पुढचा प्रश्न येतो, कसं तुटलं? त्याऐवजी ‘द हँडल केम ऑफ ड्युरिंग नॉर्मल यूज’ लिहा. म्हणजे रोजच्यासारखं वापरताना निखळलं, आपटलं-बिपटलं नाही. ‘ड्युरिंग नॉर्मल यूज’ हे शब्द तोंडपाठ करून ठेवा, पण खरं असेल तेव्हाच वापरा. कुकर हातातून पडला असेल तर झाकणाचा पोचा उघडच दिसतो आणि मग सगळीच तक्रार संशयात जाते.

‘स्पॉइल्ड’ हा आपला आणखी एक लाडका शब्द. दूध, भाजी, मिठाई स्पॉइल होते. इस्त्री होत नाही. इस्त्रीला ‘फॉल्टी’ म्हणा. यंत्राला आणि विजेवर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूला ‘फॉल्टी’ चालतं.

यातला ‘डिफेक्ट’ शब्द कायद्यातही आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये दोषाची व्याख्या ऐसपैस आहे: गुणवत्ता, प्रमाण, परिणामकारकता, शुद्धता किंवा दर्जा यांतली कुठलीही उणीव. म्हणजे किलोच्या पाकिटात नऊशे ग्रॅम निघाले तर तोही डिफेक्टच. आणि वस्तू ठीक आहे पण इन्स्टॉलेशनला माणूसच येत नाही, आला तर अर्धवट काम टाकून गेला, तर त्याला ‘डेफिशियन्सी इन सर्व्हिस’ म्हणतात. वस्तूत डिफेक्ट, सेवेत डेफिशियन्सी. पुढे प्रकरण वाढलंच तर हे दोन शब्द आपापल्या जागी असलेले बरे.

पायरी 3: चार-पाच साचे

सुरूच होत नसेल तर ‘वोन्ट’: ‘इट वोन्ट टर्न ऑन’, ‘इट वोन्ट चार्ज’, ‘द डोअर वोन्ट क्लोज’. पुन्हा पुन्हा काही होत असेल तर ‘कीप्स’: ‘इट कीप्स टर्निंग ऑफ’, ‘द वायफाय कीप्स डिस्कनेक्टिंग’. मराठीतल्या ‘सारखं’ची जागा हा शब्द छान घेतो. कधी होतं, कधी होत नाही, असा छळवादी बिघाड असेल तर ‘द प्रॉब्लेम इज इंटरमिटंट’ असं आधीच सांगून टाका. नाहीतर तंत्रज्ञ येतो, त्याच्यासमोर यंत्र शहाण्यासारखं चालतं आणि तो ‘नो फॉल्ट फाउंड’ लिहून निघून जातो. अशा बिघाडाचा व्हिडिओ हवाच.

केव्हापासून हे सांगताना आपण ‘इट इज नॉट वर्किंग फ्रॉम मंडे’ लिहितो. ‘सिन्स’ आणि ‘फॉर’चा घोळ टाळायचा सोपा उपाय म्हणजे सरळ तारीख घाला: ‘इट स्टॉप्ड वर्किंग ऑन 12 मार्च.’ तारखेत खरेदीपासून किती दिवस झाले तेही येतं, त्यामुळे ‘लास्ट वीक’पेक्षा तारीख केव्हाही चांगली.

दिसणाऱ्या दोषाला ‘देअर इज’ पुरतं. ओरखडा म्हणजे स्क्रॅच, पोचा म्हणजे डेंट, तडा म्हणजे क्रॅक, कडेचा टवका उडाला असेल तर चिप, डाग म्हणजे स्टेन. ‘ऑन’ की ‘इन’ याने गोंधळू नका: पृष्ठभागावरच राहणाऱ्याला ऑन, आत शिरणाऱ्याला इन. म्हणून ‘अ स्क्रॅच ऑन द स्क्रीन’, ‘अ स्टेन ऑन द शर्ट’, पण ‘अ क्रॅक इन द ग्लास’, ‘अ डेंट इन द डोअर’, ‘अ होल इन द पॉकेट’.

खोक्यात काही कमी निघालं तर ‘मिसिंग’: ‘टू स्क्रूज आर मिसिंग’, ‘द चार्जर वॉज मिसिंग फ्रॉम द बॉक्स’. ‘लॉस्ट’ लिहू नका. लॉस्ट म्हणजे तुमच्याकडून हरवला.

स्पेलिंगच्या दोन चुका वाचणाऱ्याला खरोखर चकवतात. सैल या अर्थाच्या ‘लूज’मध्ये दोन ओ येतात, एका ओचा शब्द म्हणजे हरवणं किंवा हरणं. आणि तक्रार हे नाम ‘कम्प्लेंट’, शेवटी टी; तक्रार करणं हे क्रियापद ‘कम्प्लेन’, टीशिवाय. ‘आय वॉन्ट टू कम्प्लेंट’ असं लिहिलेलं फार दिसतं. बाकी व्याकरणाच्या बारीकसारीक चुकांनी तक्रारीचं काही बिघडत नाही.

पायरी 4: आवाज, वास आणि शॉक

मराठीचा कान आवाजाच्या बाबतीत तयार असतो. घरघर, खडखड, करकर, कुरकुर, टकटक, गुणगुण. ऐकणाऱ्याला लगेच बिघाडाचा अंदाज येतो. इंग्रजीतही असे शब्द आहेत, फक्त आपल्याला शाळेत कोणी ते शिकवले नाहीत, म्हणून सगळ्या आवाजांना आपण ‘साउंड प्रॉब्लेम’ म्हणतो. त्यातून टीव्हीचा आवाज कमी येतोय असं वाटायचं.

काही सैल होऊन खडखडत असेल तर ‘रॅटलिंग’: ‘द फॅन रॅटल्स ॲट हाय स्पीड.’ धातू धातूवर घासल्यासारखी घरघर म्हणजे ‘ग्राइंडिंग’. वंगण नसलेल्या बिजागरीची करकर ‘क्रीकिंग’, तिच्याहून बारीक, कानात जाणारी किंचाळी ‘स्क्वीकिंग’. फ्रिज किंवा स्टॅबिलायझर गुणगुणतो ते ‘हमिंग’, आणि आत मधमाश्या असल्यासारखं वाटलं तर ‘बझिंग’. एकसारखं टकटक होत असेल तर ‘क्लिकिंग’. स्पीकरमधून तळल्यासारखी चरचर आली तर ‘क्रॅकलिंग’. वॉशिंग मशीन सुकवताना धडधडत जागेवरून सरकत असेल तर ‘इट व्हायब्रेट्स हेवीली अँड मूव्हज ड्युरिंग स्पिन’. यातला एक शब्द आठवला नाही तरी चिंता नाही, ‘इट मेक्स अ लाउड नॉइज’ लिहा आणि व्हिडिओ जोडा. नॉइज म्हणजे नको असलेला आवाज, साउंड म्हणजे कुठलाही.

वासासाठी ‘बर्निंग स्मेल’ हा शब्दप्रयोग पुरेसा आहे: ‘देअर इज अ बर्निंग स्मेल आफ्टर फाइव्ह मिनिट्स.’ ठिणग्या उडाल्या तर ‘स्पार्क्स’. प्लग लावला की मुख्य बटण पडत असेल तर ‘इट ट्रिप्स द एमसीबी’.

शॉकबद्दल थोडं थांबून. गीझरच्या किंवा फ्रिजच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात, तेव्हा आपण ‘करंट येतो’ म्हणतो आणि तेच ‘करंट इज कमिंग’ असं लिहून टाकतो. इंग्रजी वाचणाऱ्याला वाटेल, वीज व्यवस्थित येतेय, छान. लिहायचं असं: ‘आय गेट ॲन इलेक्ट्रिक शॉक व्हेन आय टच द बॉडी.’ ही ओळ मेलच्या अगदी वर यायला हवी, शेवटी नाही. सोबत ‘दिस इज अ सेफ्टी इश्यू’ लिहा. तसंच फोनची बॅटरी फुगली असेल तर ‘द बॅटरी इज स्वोलन’. लिहिण्याच्या आधी अर्थातच प्लग काढा, फोन चार्जिंगवरून काढा. तक्रार दहा मिनिटांनी गेली तरी चालेल.

पायरी 5: कपडे आणि खाण्याच्या वस्तू

कपड्यांत ‘रंग जातो’ हे आपलं वाक्य दोन वेगळ्या तक्रारींना चालतं. धुतल्यावर फिका पडला तर ‘इट फेडेड आफ्टर वन वॉश’. पाण्यात उतरून दुसऱ्या कपड्यांना लागला तर ‘द कलर ब्लीड्स’. आटला तर ‘श्रँक’, शिवण उसवली तर ‘द स्टिचिंग केम अनडन’, फाटलेला असेल तर ‘टॉर्न’, चेन अडकत असेल तर ‘द झिप गेट्स स्टक’. आणि वस्तू धडधाकट आहे पण वेगळीच आली, चित्रात हातमाग आणि हातात यंत्रमाग, तर ‘नॉट ॲज डिस्क्राइब्ड’. पैठणी ऑनलाइन मागवणाऱ्यांना हा शब्दप्रयोग लागू शकतो. जाहिरातीच्या पानाचा स्क्रीनशॉट ऑर्डर देतानाच काढून ठेवावा. नंतर पान बदललेलं असतं.

खाण्याच्या वस्तूंत शिळं म्हणजे स्टेल, खवट म्हणजे रॅन्सिड, बुरशी म्हणजे मोल्ड, कीड लागली तर ‘इन्सेक्ट्स’. चिवडा सादळला तर ‘सॉगी’ म्हणून निभावतं, तंतोतंत शब्द मिळाला नाही तरी. पाकीट फुगलेलं असेल तर ‘द पॅक इज स्वोलन’, सील आधीच उघडलेलं असेल तर ‘द सील वॉज ब्रोकन’. इथे मात्र ब्रोकन चालतं, कारण ते तुम्ही फोडलं नाही हे ‘व्हेन इट अराइव्हड’ जोडून सांगता येतं. ‘बेस्ट बिफोर’ची तारीख उलटली तर चव-दर्जा उतरलेला असू शकतो; ‘एक्स्पायरी’ उलटली तर ती वस्तू खायचीच नाही. पाकिटावरचा बॅच नंबर आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 अंकी परवाना क्रमांक दिसेल असा फोटो काढा. पाकीट कचऱ्यात टाकून मग तक्रार लिहायला बसणारे कमी नाहीत.

पायरी 6: हवं काय ते एका शब्दात

दोष सांगून झाला, की मागणी. ‘प्लीज डू द नीडफुल’ लिहू नका. काय करायचं ते तुम्ही न सांगितल्यावर कंपनी स्वतःला स्वस्त पडेल ते करते. पैसे परत हवेत तर ‘रिफंड’. तीच वस्तू नवी हवी तर ‘रिप्लेसमेंट’. दुसरा साइज किंवा दुसरी वस्तू हवी तर ‘एक्स्चेंज’. दुरुस्ती चालणार असेल तर ‘रिपेअर अंडर वॉरंटी’. यातलं एकच मागा. चारही मागितलंत की शेवटचं मिळतं.

पूर्ण मेल कशी दिसते ते एकदा पाहा. विषयाच्या ओळीत: ‘वॉशिंग मशीन लीकिंग फ्रॉम द डोअर’, पुढे ऑर्डर नंबर. मग मजकूर:

‘द मशीन वॉज इन्स्टॉल्ड ऑन 3 जून. सिन्स द फर्स्ट वॉश, वॉटर लीक्स फ्रॉम द बॉटम ऑफ द डोअर. इट हॅपन्स एव्हरी टाइम. द रबर सील हॅज अ स्मॉल टेअर ऑन द लेफ्ट साइड. द सीरियल नंबर, इनव्हॉइस, फोटोज अँड अ व्हिडिओ आर अटॅच्ड. प्लीज सेंड अ रिप्लेसमेंट.’

बस. ‘रिस्पेक्टेड सर’ नाही, ‘आय ॲम व्हेरी मच डिसअपॉइंटेड’ नाही, तुमची कंपनी किती नावाजलेली आणि आमची कशी फसवणूक झाली हा परिच्छेद नाही. राग येतो, कबूल. पण रागाची चौकट त्यांच्या फॉर्मवर नसते.

पायरी 7: कंपनी ऐकत नसेल तर

भारतात ई-कॉमर्सचे 2020 चे नियम आहेत. त्यांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि महिन्याभरात तिचा निपटारा करायचा. याच नियमांत असंही आहे की वस्तू डिफेक्टिव्ह, डेफिशियंट किंवा स्प्युरियस, म्हणजे बनावट, निघाली किंवा जाहिरातीप्रमाणे नसली तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. ‘नो रिटर्न पॉलिसी’ दाखवून कोणी हात वर केले तर यातला लागू पडणारा शब्द वापरून मेल लिहा: ‘द प्रॉडक्ट इज डिफेक्टिव्ह. अंडर द कन्झ्युमर प्रोटेक्शन ई-कॉमर्स रूल्स, 2020, द सेलर कॅनॉट रिफ्यूज टू टेक इट बॅक.’ ही ओळ गेल्यावर उत्तराचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे.

त्यानंतरही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येतं. जिल्हा ग्राहक आयोगातही इंग्रजीवाचून अडत नाही; महाराष्ट्रातल्या जिल्हा आयोगांचे कितीतरी निकाल मराठीत असतात. तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेता कुठलाही असो, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. अशा वेळी कंपनीशी झालेला इंग्रजी पत्रव्यवहार पुरावा म्हणून जोडायचा असतो, म्हणून सुरुवातीपासून चॅटपेक्षा मेल बरी. चॅट करावीच लागली तर त्याचे स्क्रीनशॉट ठेवा.

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेल्यांनी तिथल्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यातले तीन शब्दप्रयोग लक्षात ठेवावेत: ‘सॅटिस्फॅक्टरी क्वालिटी’, ‘फिट फॉर पर्पज’, ‘ॲज डिस्क्राइब्ड’. यातलं एक जरी नसेल तर वस्तू मिळाल्यापासून साधारण 30 दिवसांत ती नाकारून पूर्ण पैसे मागता येतात. तिथल्या दुकानदारांना हे शब्द पाठ असतात, त्यामुळे तुमच्या तोंडून ऐकले की वाद लांबत नाही.

आता फोनवरचं थोडं. बोलणारा भरभर बोलत असेल तर ‘कुड यू स्पीक स्लोली, प्लीज?’ म्हणायला संकोच नको, किंवा सरळ मराठी किंवा हिंदी बोलणारा माणूस मागा. मॉडेल नंबर सांगताना बी, डी, पी यांची हमखास गफलत होते. ‘बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली, पी फॉर पुणे’ असं सांगा. फोन ठेवण्याआधी ‘प्लीज गिव्ह मी द कम्प्लेंट नंबर’ म्हणा आणि तो लिहून घेतल्याशिवाय ‘थँक यू’ म्हणू नका.

दोन-तीन दिवसांनी फोनवर किंवा मेलवर प्रश्न येतो, ‘इज युअर इश्यू रिझॉल्व्हड?’ खाली ‘येस’ आणि ‘नो’ची बटणं. तंत्रज्ञ फक्त येऊन बघून गेला असेल, भाग मागवलाय म्हणाला असेल, तर उत्तर ‘नो’. सौजन्यापोटी ‘येस’ दाबलं की तक्रार बंद होते आणि नवी नोंदवताना तारीख नवी पडते. चुकून बंद झालीच तर त्याच मेलला उत्तर द्या: ‘द इश्यू इज नॉट रिझॉल्व्हड. द पार्ट हॅज नॉट बीन रिप्लेस्ड येट. प्लीज रीओपन द कम्प्लेंट.’